धायरीचा क्षार आणि डाल्टनचा तराजू

धायरीत नवं बिऱ्हाड आलं की थोड्याच दिवसांत त्याला इथल्या पाण्याची ओळख होते. कितीही शिट्ट्या दिल्या तरी डाळ टणकच राहते, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरं कवच धरतं. मग एके दिवशी गिझर उघडणारा कारागीर कॉइल बाहेर काढून म्हणतो, "ताई, क्षार बघा किती साठलाय!" ऑक्टोबर २०१७ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं, तरी कितीतरी सोसायट्यांची भिस्त आजही बोअरवर आणि टँकरवर आहे.

मी रायकर मळ्याकडे घरीच आठवी-नववीच्या मुलांना विज्ञान शिकवते. बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकात 'अणूचे अंतरंग' हा धडा आहे. मुलं त्यातली डाल्टनची अणूविषयीची विधानं घडाघडा म्हणून दाखवतात. पण "डाल्टनने अणू पाहिला होता का?" असं विचारलं की एकमेकांकडे बघू लागतात. त्याने तो पाहिलेला नव्हता. त्याच्यापाशी फक्त वजनं होती, स्वतः केलेली आणि इतरांनी केलेली. वजनांवरून अणूपर्यंत माणूस कसा पोचला, हा मला रसायनशास्त्रातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो आणि तो पाठांतरात हरवू नये असं मनापासून वाटतं. म्हणून माझ्याकडे अणूचा धडा या क्षारापासून सुरू होतो.

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, म्हणजे बेसाल्ट. त्यातल्या खनिजांमध्ये कॅल्शियम असतं. पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनतं आणि झिरपता झिरपता खडकातलं कॅल्शियम विरघळवून घेतं. बोअरमधून वर येतं ते हे पाणी, दिसायला नितळ. गिझरमध्ये तापल्यावर त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतं ते न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट. शेतात सापडणारी चुनखडी मुख्यतः तेच. ती भट्टीत भाजून, घाणीत मळून केलेल्या चुन्यानेच पुण्यातले जुने वाडे सांधले गेले. शहाबादी फरशीतही तेच असतं, म्हणून तिच्यावर लिंबू सांडलं की बुडबुडे येतात आणि डाग पडतो. शाळेतला खडू मात्र बहुधा जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो. त्यावर लिंबू पिळलं तर काही होत नाही. मुलांना हा फरक फार आवडतो.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. बोअरचं पाणी हे मिश्रण. बेनकर वस्तीतल्या आणि धायरी फाट्याजवळच्या बोअरमध्ये विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएसचा मीटर बुडवला तर आकडे वेगळे येतील. एकाच बोअरचा मे महिन्यातला आणि पावसाळ्यानंतरचा आकडाही जुळेलच असं नाही. मिश्रणात कोण किती, याला काही बंधन नसतं. कॅल्शियम कार्बोनेट हे संयुग. ते धायरीच्या गिझरमधलं असो, अंड्याच्या टरफलातलं असो की मकराण्याच्या संगमरवरातलं, शुद्ध केलं की दर १०० ग्रॅममध्ये कॅल्शियम ४०, कार्बन १२ आणि ऑक्सिजन ४८ ग्रॅम. कुठलंही, केव्हाही, एवढंच.

याच्या आधीची पायरी मुलं स्वतः करून बघतात. फरशी कापणाऱ्याकडून संगमरवराची भुकटी आणायची. लिटरभराच्या प्लास्टिकच्या बाटलीत १०० मिलिलिटर व्हिनेगर घ्यायचं, एक ग्रॅम भुकटी टिश्यूपेपरच्या पुडीत बांधून आत टाकायची आणि झाकण चटकन घट्ट लावायचं. सोनाराकडे असतो तसल्या छोट्या डिजिटल काट्यावर बाटली ठेवायची. आत फसफस चाललेली असते, बाटली हाताला कडक लागते, पण आकडा हलत नाही. फसफस थांबली की झाकण उघडायचं, बाटली हलवायची, दाबून दाबून आतली हवा बदलायची आणि पुन्हा वजन करायचं. आता वजन घटलेलं असतं. हिशेबाने ०.४४ ग्रॅम घट यायला हवी. थोडा वायू व्हिनेगरमध्ये विरघळून राहतो, म्हणून ती जराशी कमी येते. न दिसणाऱ्या वायूलाही वजन असतं आणि झाकण बंद असेपर्यंत कणभरही द्रव्य नाहीसं होत नाही, हे काट्यावर वाचलेलं मूल सहसा विसरत नाही. पॅरिसमध्ये लव्हाझिएने बंद भांड्यांत पदार्थ तापवून हेच दाखवलं आणि १७८९ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. पाच वर्षांनी क्रांतीच्या धामधुमीत त्याचा शिरच्छेद झाला.

कणाद येतोच. कुणीतरी विचारतंच, "आपल्याकडे हे आधीच माहीत नव्हतं का?" कणादाच्या वैशेषिक दर्शनात परमाणू आहेत, दोन परमाणूंचं द्व्यणुक आहे, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक आहे. त्या परंपरेतला एक युक्तिवाद मला विलक्षण वाटतो: पदार्थाचे तुकडे अंतहीन पडत गेले, तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा यांच्यात फरक काय उरला? दोघांचेही तुकडे अगणितच! इतका नेमका प्रश्न विचारणाऱ्यांबद्दल आदरच वाटतो. पण त्या परमाणूला वजनाचा आकडा नव्हता. तो आकडा आल्यावर अणू तत्त्वज्ञानातून प्रयोगशाळेत आला. दोन्ही गोष्टी मुलांना सांगायच्या, एकीसाठी दुसरी लपवायची नाही, असं माझं मत आहे.

स्पेनमध्ये काम करणाऱ्या जोसेफ प्रूस्टने १७९९ मध्ये तांब्याच्या कार्बोनेटचं पृथक्करण केलं. खाणीतून आलेलं असो की प्रयोगशाळेत बनवलेलं, घटकांचं प्रमाण एकच आलं. बर्थोले या मोठ्या रसायनतज्ज्ञाला ते पटेना आणि दोघांचा वाद काही वर्षं चालला. प्रमाण ठरलेलं असतं, हे प्रूस्टने दाखवलं. ते का ठरलेलं असतं, हे सांगितलं जॉन डाल्टनने. डाल्टन हा इंग्लंडमधल्या विणकराचा मुलगा. बारा वर्षांचा असताना तो गावच्या शाळेत शिकवू लागला, पुढे मँचेस्टरला स्थायिक झाला. हवामानाच्या नोंदी तो १७८७ पासून १८४४ मध्ये मरेपर्यंत ठेवत होता. त्याचं उत्तर साधं होतं. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला ठरावीक वजन असतं आणि संयोगात अणू अख्खेच जातात, अर्धा-पाव जात नाहीत. कॅल्शियमचा एक, कार्बनचा एक, ऑक्सिजनचे तीन. म्हणून ४०, १२ आणि तीन वेळा १६.

हे खरं असेल तर आणखी एक गोष्ट घडायला हवी, असं त्याच्या लक्षात आलं. दोन मूलद्रव्यांची एकापेक्षा जास्त संयुगं होत असतील, तर त्यांच्या वजनांत पूर्णांकांचं नातं दिसलं पाहिजे. १२ ग्रॅम कार्बन १६ ग्रॅम ऑक्सिजनशी जुळतो, नाहीतर ३२ ग्रॅमशी. मधल्या २० किंवा २५ ग्रॅमचं संयुग मिळत नाही. पहिला तो कार्बन मोनॉक्साइड, दुसरा कार्बन डायऑक्साइड. दुसरा सोड्याच्या बाटलीत असतो. पहिल्याला रंग नाही, वास नाही आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट धरून बसतो. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू ठेवल्याने माणसं दगावतात ती बहुतेक यानेच. ऑक्सिजन अपुरा पडला की कार्बनला दोनऐवजी एकच अणू मिळतो. हा धडा शिकवताना मी प्रत्येक मुलाला विचारते, घरी गॅस गिझर आहे का आणि तो बाथरूमच्या आत आहे की बाहेर. आत असेल तर आई-वडिलांना फोन करते.

डाल्टनने अणुभारांचा पहिला तक्ता १८०३ मध्ये वहीत लिहिला आणि १८०८ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्यातलं पाणी मात्र चुकलेलं होतं. पाण्यात वजनाने हायड्रोजन एक भाग आणि ऑक्सिजन आठ भाग असतो. डाल्टनचा आकडा सातच्या आसपास होता, पण खरी अडचण वेगळी होती. पाण्यात प्रत्येकाचा एकेकच अणू आहे, असं त्याने गृहीत धरलं होतं. नुसत्या वजनावरून अणूंची संख्या कळत नाही. त्याच सुमारास गे-ल्युसॅकने वायूंचं आकारमान मोजून दाखवलं की हायड्रोजनचे दोन भाग आणि ऑक्सिजनचा एक भाग मिळून पाणी होतं. डाल्टनने ते मान्य केलं नाही. १८११ मध्ये ॲव्होगाड्रोने हे कोडं सोडवलं, त्याच्याकडेही फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे रसायनतज्ज्ञांची परिषद भरली. तिथे कॅनिझारोने ॲव्होगाड्रोचा विचार पुन्हा मांडला आणि मग हळूहळू सगळ्यांचे अणुभार एकमेकांशी जुळू लागले. एच-टू-ओ हे सूत्र पक्कं व्हायला डाल्टनच्या पुस्तकानंतर अर्धशतक लागलं.

ते सूत्र मी आधी फळ्यावर लिहीत नाही. खायचा सोडा घातलेलं पाणी, नऊ व्होल्टची बॅटरी, दोन्ही टोकांनी तासलेल्या दोन पेन्सिली आणि त्यांवर पाण्याने भरून उपड्या धरलेल्या दोन परीक्षानळ्या, एवढं मुलांच्या पुढ्यात ठेवते. बुडबुडे सावकाश वर चढतात. तासाभराने मुलं नळ्यांवर स्केचपेनने खुणा करतात आणि पट्टीने मोजतात. एका नळीतला वायू दुसरीच्या जवळपास दुप्पट भरतो. मग सूत्र त्यांचं त्यांनीच वहीत लिहायचं.