शेजारी बसणारा माणूस

बेंगळुरूचा सदर पत्रप्पा रस्ता, म्हणजे एसपी रोड, समजून घ्यायचा तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आठवावा. अरुंद दुकानं, दारापर्यंत रचलेले कीबोर्ड, काउंटरवर उघडून ठेवलेले लॅपटॉप. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, वसुबारसेच्या तीन दिवस आधी, विंडोज १०चे नेहमीचे मोफत सुरक्षा-अपडेट थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे धडधाकट यंत्रंही एका दिवसात जुनी ठरली. तेव्हापासून ओळखीचे लोक विचारतात, ‘यावर विंडोजऐवजी कुठलं लिनक्स टाकू?’

मी उलट विचारतो, ‘तुमच्या जवळपास कोण काय वापरतं?’ हा उलट प्रश्न मला बेंगळुरूनं शिकवला.

१९९६ साली भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळून जेमतेम वर्ष होत होतं. एका सीडीत ६५० एमबी मावत. तेवढा मजकूर २८.८ केबीपीएसच्या मोडेमवरून उतरवायचा तर, लाइन एकदाही न तुटता, ५० तास लागले असते. त्या वर्षी ‘पीसी क्वेस्ट’ मासिकानं लिनक्सची सीडी अंकासोबत वाचकांच्या हातात दिली. त्यामागे बेंगळुरूचे अतुल चिटणीस होते. जन्म बर्लिनचा, आडनाव आपलं. सीडी घरी आली तरी प्रश्न उरायचेच. मोडेम ओळखला जात नाही, पडदा काळा राहतो, डिस्कची विभागणी करताना वडिलांच्या फाइली जातील ही धास्ती. अशा वेळी बेंगळुरू लिनक्स यूझर ग्रुपसारखी मंडळी उपयोगी पडत. आधी अडलेला माणूस नंतर अडलेल्याला वाट दाखवत असे.

याच मंडळींतून २००१ साली ‘लिनक्स बेंगलोर’ ही परिषद उभी राहिली. २००५पासून ती ‘फॉस डॉट इन’ झाली आणि २०१२पर्यंत चालली. पुढच्या काळात तिचा रोख बदलला. लिनक्स चांगलं आहे हे सांगणं पुरे, आता त्यात स्वतः काही लिहा, असा तिचा आग्रह होता. मला तो योग्य वाटतो, कारण तोवर भारत हा प्रामुख्यानं वापरणाऱ्यांचाच देश होता. चिटणीस ३ जून २०१३ रोजी गेले.

पण मला सर्वांत जवळचं वाटतं ते काम परिषदेच्या सभागृहात झालेलं नाही. बेंगळुरूच्या बन्नेरघट्टा रस्त्यालगत सुदर्शन लेआउट नावाची वस्ती आहे. तिथं ‘आंबेडकर कम्युनिटी कम्प्युटिंग सेंटर’ सुरू झालं. ‘फ्री सॉफ्टवेअर मूव्हमेंट कर्नाटक’चे कार्यकर्ते, म्हणजे नोकरी करणारे तरुण आणि विद्यार्थी, तिथं जाऊन वस्तीतल्या मुलांना संगणक शिकवू लागले. मुलं पहिल्यांदा माउस धरत होती तेव्हा समोर लिनक्सच होतं. गिम्प या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती चित्रं काढू लागली. विंडोजची सवयच नव्हती, त्यामुळे ‘ते बटण इथं का नाही’ ही आपली तक्रारही त्यांना नव्हती. लिनक्स अवघड आहे असं आपण म्हणतो तेव्हा त्यातला बराचसा भाग जुनी सवय मोडण्याचा असतो. आणि या मुलांना सॉफ्टवेअरच्या परवान्यासाठी एक पैसाही पडला नाही. केंद्राला दिलेलं नाव इथं शोभेपुरतं नाही. शिकण्याच्या दारावर पहारा नसावा, हाच तिथल्या कामाचा अर्थ आहे.

आता ‘कुठलं लिनक्स’ या सुरुवातीच्या प्रश्नाबद्दल थोडक्यात सांगतो. विंडोजवरून येणाऱ्याला मिंट सोपं जातं. उबुंटूची दर दोन वर्षांनी येणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते. नवं ते आधी हवं असेल तर फेडोरा. मशीन कमी ताकदीचं असेल तर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेली आवृत्ती. बाकी फरक पहिल्या महिन्यात जाणवतही नाहीत. मैत्रिणीकडे फेडोरा असेल तर फेडोराच घ्या. रात्री दहा वाजता वायफाय हटून बसलं की तिलाच फोन करायचा आहे.

मराठी माणसानं एक परीक्षा मात्र स्वतः घ्यावी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरात असतात. हा फरक संगणकावर टिकवायला ऱ हे वेगळं अक्षर लागतं आणि तो नीट दाखवणारा फॉन्टही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवलेले लोहित फॉन्ट रेड हॅटनं २००४ साली मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले. लिनक्सवर मराठी नीट दिसू लागली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

पेन ड्राइव्हवर लिनक्स घ्या आणि इन्स्टॉल न करता त्यावरूनच मशीन सुरू करा. डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, हे पाहा. मग इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड निवडून द लिहा, शिफ्ट दाबून जे, मग डी, तिरपी रेघ आणि ई. ‘दऱ्या’ असं नीट उमटलं की प्रथम घरातल्या फोटोंची दुसरी प्रत काढून ठेवा. त्यानंतर इन्स्टॉल दाबा.