शिकारीचीं स्मृतिचिन्हें आणि घरांतील जागा

घरें लहान होत जातात, पण सांबराचीं शिंगें लहान होत नाहींत. वाड्याच्या लांबरुंद बैठकींत ज्या मस्तकानें भिंतीस शोभा येई, तेंच मस्तक दोन खोल्यांच्या सदनिकेंत आणलें कीं सर्व खोली व्यापून टाकतें, आणि घरांतील लहान मूल संध्याकाळीं त्याच्या खालून जावयास भितें. यवतमाळ जिल्ह्यांत अरुणावतीच्या कांठीं आर्णी हें तालुक्याचें गांव आहे. तेथील एखाद्या जुन्या घराची वांटणी निघाली, म्हणजे शेत, दागिने व भांडीं यांचा निकाल कसा लावावा हें ठरलेलें असतें. परंतु ओसरीवरील शिंगें आणि ट्रंकेंत घडी घालून ठेवलेलें व्याघ्रचर्म यांचें काय करावें, हें कोणत्याच रूढींत सांगितलेलें नाहीं. एका भावास तीं टाकवत नाहींत आणि दुसऱ्यास तीं ठेवावयास जागा नसते.

वरवर पाहतां हा प्रश्न जागेचा दिसतो. वस्तुतः तो चार प्रश्नांचा मिळून झालेला आहे. ती वस्तु आहे काय, ती कशानें नासते, ती बाळगण्याचा अधिकार कोणास आहे, आणि ती कशासाठीं ठेवावयाची? या चारही प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं, म्हणजे भिंत कोणती निवडावी हें ठरविण्यास वेळ लागत नाहीं.

प्राण्याचें मस्तक भिंतीवर टांगण्याची चाल मूळची आपल्याकडील नव्हे. व्याघ्राजिन व मृगाजिन हीं आपल्याकडे आसनें होतीं. वाघाचें नख सोन्यांत मढवून मुलाच्या गळ्यांत बांधीत. मस्तकाखालीं ढालीच्या आकाराची लांकडी फळी बसवून तें दिवाणखान्यांत लावावयाचें, ही रीत युरोपांतून आली आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतून संस्थानिक, जमीनदार व देशमुख यांच्या घरांत शिरली. यवतमाळचा मुलूख सागवानी जंगलाचा. रोही, सांबर, चितळ, काळवीट, चौसिंगा, अस्वल, बिबळ्या आणि वाघ हे सर्व प्राणी या रानांतले. इंग्रजी अमदानींत सरकारी जंगलाचे गट पाडून ठराविक मुदतीच्या परवान्यावर शिकार करूं देत. १९१२ च्या कायद्यानें कांहीं पशुपक्ष्यांसाठीं बंदीचा हंगाम ठरविला गेला. परंतु शिकार हा प्रतिष्ठेचा छंद म्हणून त्यानंतरही दीर्घकाळ चालूच राहिला. १९७० मध्यें वाघाच्या शिकारीस देशभर बंदी झाली आणि १९७२ मध्यें वन्यजीव संरक्षण कायदा झाला. यास्तव आज घरोघर जीं कायदेशीर स्मृतिचिन्हें आहेत, तीं बहुतेक आजोबा-पणजोबांच्या काळचीं आहेत. त्यांत नवी भर पडणें नाहीं. जें आहे तें जपावयाचें किंवा सोडावयाचें, एवढेंच उरलें आहे.

आतां ती वस्तु काय आहे तें पाहूं जातां पहिला भेद शिंगांचा लागतो. सांबर, चितळ व भेकर हीं हरणांच्या जातीचीं. त्यांचीं शिंगें भरीव हाडाचीं असून तीं नरासच येतात; ठराविक काळानें गळून पडतात आणि मखमलीसारख्या कातडीखालीं पुन्हां नवीं उगवतात. रोही, काळवीट, चौसिंगा व गवा यांचीं शिंगें निराळीं. तीं जन्मभर टिकतात. आंत हाडाचा गाभा आणि वर नखाच्या जातीच्या पदार्थाची पोकळ खोळ, अशी त्यांची रचना असते. हा भेद केवळ शास्त्रीय नाहीं. नखाच्या जातीचा पदार्थ कसरीच्या अळ्यांना खाद्य होतो. म्हणून काळवीटाचें शिंग बाहेरून सुरेख दिसत असतां खोळ आंतून पोखरली जाते. सांबराच्या शिंगास ती भीति कमी, पण उंदीर-घुशी त्याचीं टोंकें कुरतडतात.

दुसरा प्रकार कातड्यांचा व भरलेल्या मस्तकांचा. ‘पेंढा भरलेला वाघ’ असा शब्द आपल्या भाषेंत रूढ आहे, पण चांगल्या कारागिराच्या हातच्या कामांत पेंढा नसतो. प्राण्याच्या मापाचा सांचा करून त्यावर कमावलेलें कातडें चढवितात आणि कांचेचे डोळे बसवितात. म्हैसूर येथील व्हॅन इन्गेन बंधूंचा कारखाना या कामासाठीं जगभर प्रसिद्ध होता. विसाव्या शतकाच्या आरंभापासून १९९९ पर्यंत तो चालला. त्यांचे सांचे कागदाच्या लगद्याचे असत. असें मस्तक दिसतें तितकें जड नसतें. परंतु त्याला खोली मोठी लागते, कारण मान व मुस्कट भिंतीपासून बरेंच पुढें येतें. सांबराचें एकेक शिंग वळणावरून मोजल्यास तीन फुटांहून अधिक भरूं शकतें. वाघाचें अंथरलेलें कातडें नाकापासून शेपटीच्या टोंकापर्यंत नऊ फुटांच्या आसपास जातें. जागा पाहण्यापूर्वीं लांबी, रुंदी आणि भिंतीपासूनचें अंतर हीं तिन्ही मापें घ्यावीं. पुष्कळ घरांत पहिलीं दोनच घेतलीं जातात आणि मग दाराचें फळकें शिंगांवर आपटतें.

यांचे शत्रु पांच : ऊन, ओल, धूर, कीड आणि माणसाचा हात. विदर्भांतील उन्हाळ्यांत कोरडी हवा कातडें आकसविते. ओंठ, पापण्या व कानांच्या कडा यांना प्रथम चिरा जातात. पावसाळ्यांत तेंच कातडें ओल धरतें आणि त्यावर बुरशी चढते. खिडकीसमोरच्या भिंतीवर वाघाचा पिवळा रंग कांहीं वर्षांत मातकट होतो. चुलीच्या धुरानें केसांवर चिकट थर बसतो, आणि त्या थराशीं धूळ एकजीव होते. म्हणून पश्चिमेची तापणारी भिंत, न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि स्वयंपाकघराकडील भिंत या तिन्ही वर्ज्य समजाव्या. घराच्या मधल्या भागांतील, थेट ऊन न येणारी, पण हवा खेळती असलेली आंतली भिंत सर्वांत चांगली. वस्तु भिंतीला अगदीं चिकटवूं नये. मागें बोटभर फट राहिली म्हणजे ओल सांचत नाहीं व कीड वेळींच दिसते.

पांचवा शत्रु माणसाचा हात. पण येथें धोका माणसालाच अधिक आहे. जुन्या काळीं कातडें किडूं नये म्हणून त्याला आंतून सोमल, म्हणजे आर्सेनिक, लावीत. तें विष शेंकडों वर्षें गेलीं तरी उडून जात नाहीं. कातड्यावरील धुळींत तें मिसळलेलें असूं शकतें. सबब, जुन्या मस्तकावर लहान मुलांना हात फिरवूं देऊं नये, जुनें व्याघ्रचर्म बसावयास अंथरूं नये, आणि तें काठीनें झोडपून झटकूं नये. साफ करणाऱ्यानें हातमोजे घालावे, नाकातोंडावर फडकें बांधावें, मऊ कुंचल्यानें केसांच्या दिशेनें धूळ उतरवावी, आणि नंतर हात साबणानें धुवावे. लहान मूल असलेल्या घरांत मस्तक हाताच्या टप्प्याबाहेर असलें पाहिजे. तेवढी उंची घरांत नसेल, तर त्या घरांत त्याला जागा नाहीं असेंच म्हटलें पाहिजे.

टांगण्याविषयींही दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. जुन्या मातीच्या भिंतींत खिळा धरत नाहीं. तेथें भार तुळईवर किंवा भिंतींत खोल बसविलेल्या सागवानी खुंटीवर घ्यावा लागतो. नव्या सदनिकांतील आंतल्या भिंती पुष्कळदां चार इंचांच्या विटांच्या असतात. गव्याच्या मस्तकासारखा भार त्यांवर न देतां खांबावर अथवा तुळईवर द्यावा. आणि पलंग, झोपाळा किंवा मुलांची अभ्यासाची जागा यांच्या वर कोणतीही शिंगें टांगूं नयेत.

येथपर्यंतचा विचार घराचा झाला. पुढचा विचार कायद्याचा आहे, आणि खरें पाहतां तोच सर्वांआधीं करावयास हवा. १९७२ च्या कायद्याप्रमाणें वन्य प्राण्याचें जतन केलेलें संपूर्ण शरीर किंवा त्याचा कोणताही भाग शिकारीच्या स्मृतिचिन्हांत मोडतो. कातडें व मस्तक तर खरेंच. पण शिंग, हाड, दांत, नख व केस हेही त्यांत येतात. म्हणजे मुलाच्या गळ्यांतील सोन्यांत मढविलेलें वाघनख ही केवळ दागिन्यांतील बाब नाहीं. जंगलांत सांपडलेलें गळालेलें शिंगही उचलून घरीं आणतां येत नाहीं. विशेष संरक्षण दिलेल्या प्राण्यांच्या बाबतींत कायदा लागू झाल्यापासून ३० दिवसांत नोंद करावयाची होती. ज्यांची ती राहिली, त्यांना २००३ मध्यें १८० दिवसांची आणखी एक संधि मिळाली. नोंदीवरून मुख्य वन्यजीव रक्षक मालकीचें प्रमाणपत्र देतात आणि शक्य तेथें वस्तूवर ओळखीची खूण करतात. ती खूण खरवडणें अथवा रंगानें झांकणें हा गुन्हा आहे. कठोर संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या बाबतींत शिक्षा ३ वर्षांपासून ७ वर्षांपर्यंत कैदेची आहे.

वारसांच्या दृष्टीनें तीन नियम ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. पहिला असा कीं, स्मृतिचिन्ह वारसाहक्कानें आलें तर ९० दिवसांच्या आंत त्याची माहिती मुख्य वन्यजीव रक्षकांस कळवावी लागते. वडिलांच्या नांवचें प्रमाणपत्र पेटींत आहे, एवढ्यावर मुलाचें काम भागत नाहीं. दुसरा नियम विक्रीचा. प्रमाणपत्र असलें तरी ती वस्तु विकतां येत नाहीं, विक्रीस मांडतां येत नाहीं, किंवा कोणत्याही व्यापारी मोबदल्यानें देतां येत नाहीं. त्यामुळें वांटणींत तिची किंमत धरून एका भावानें दुसऱ्यास पैसे देणें हें धोक्याचें आहे. तिसरा नियम स्थलांतराचा. आर्णीहून तेलंगणाची सीमा दूर नाहीं. मुलानें हैदराबादेस घर केलें आणि मस्तक तिकडे नेलें, तर तेथील मुख्य वन्यजीव रक्षकांस ३० दिवसांत कळविणें आवश्यक आहे.

आणि ज्यास ठेवावयाचेंच नाहीं त्यानें काय करावें? पूर्वीं या प्रश्नाचें सरळ उत्तर कायद्यांत नव्हतें. म्हणून पुष्कळ वस्तू माळ्यावर कुजत पडल्या किंवा रात्रीं नदींत सोडल्या गेल्या असल्यास नवल नाहीं. २०२२ च्या दुरुस्तीनें, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ही वाट मोकळी केली. प्रमाणपत्र असलेल्या मनुष्यानें कामकाजाच्या ७ दिवसांची आगाऊ सूचना देऊन ती वस्तु मुख्य वन्यजीव रक्षकांच्या स्वाधीन करावी. तिचा मोबदला मिळत नाहीं. पण जबाबदारी संपते आणि वस्तु राज्य सरकारची होते. जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयांत जाऊन चौकशी केली म्हणजे पुढील रीत समजते.

राहिला शेवटचा प्रश्न : ठेवावयाचें तें कशासाठीं? पराक्रमाची खूण म्हणून, हें उत्तर आतां पुरेसें नाहीं. आर्णीच्या पूर्वेस घाटंजी व पांढरकवडा या तालुक्यांत टिपेश्वरचें अभयारण्य आहे. १९९७ मध्यें घोषित झालेलें हें रान सुमारे १४८ चौरस किलोमीटर आहे. तेथील एका तरुण वाघाच्या गळ्यांत फेब्रुवारी २०१९ मध्यें रेडिओचा पट्टा बांधण्यांत आला. तो वाघ जूनमध्यें निघाला आणि शेतें, नद्या, सडका ओलांडीत, तेलंगणांत शिरून परत येत, वर्षाअखेर बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. त्याच्या वाटेचा नकाशा आज अभ्यासकांजवळ आहे. वाघ मेला म्हणजे त्याचें शव अधिकाऱ्यांसमक्ष नखें-कातड्यांसह जाळण्यांत येतें, कारण त्याचा एक केसही बाजारांत जाऊं नये. अशा काळांत जुन्या भिंतीवरील मस्तकाचें मोल एकच उरतें. कोणता प्राणी, कोणत्या रानांत, कोणत्या वर्षीं होता, याचा तें पुरावा आहे.

परंतु पुरावा बोलका असावा लागतो. मस्तकाच्या फळीवर गांव, रान, तारीख व शिकाऱ्याचें नांव कोरलेलें असेल, तर ज्या माळरानावर आज कापूस उभा आहे तेथें एके काळीं काळवीट होतें, हें त्यावरून कळतें. तें नसेल, तर मस्तक मुकें राहतें. नागपूरचें मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला लोक अजबबंगला म्हणतात, १८६३ पासून अशा वस्तू सांभाळीत आलें आहे. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यांतील संग्रहालयांतही शिकारीचीं पुष्कळ मस्तकें आहेत. अशा ठिकाणीं उभें राहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, पाहणारा प्रथम प्राण्याकडे पाहतो आणि लगेच खालची पाटी वाचावयास वांकतो. पाटी कोरी असेल तर तो पुढें जातो.

तात्पर्य, घरांत जागा शोधण्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्या माणसांस विचारून, त्यांना जेवढें खात्रीनें आठवत असेल तेवढें कागदावर उतरून घ्यावें, आणि तो कागद प्रमाणपत्राच्या प्रतीसह वस्तूजवळ ठेवावा. दहा मस्तकांपैकीं ज्याचा कागद आहे, ज्याचा इतिहास माहीत आहे आणि ज्याला कोरडी, सावलीची भिंत देतां येते, असें एकच असलें तरी पुरे. बाकीचीं रीतसर स्वाधीन करावीं. माळ्यावर कसरीस खाऊं घालण्यापेक्षां त्यांत त्या प्राण्याचा मान अधिक राहतो, आणि ज्यानें तीं आणलीं त्या पूर्वजाचाही.