एक जंतू, अनेक पत्ते

मराठीत 'क्षय' हा एक शब्द आहे आणि 'गंडमाळा' हा दुसरा. पहिल्याने खोकला, ताप, बेडक्यातून पडणारे रक्त आणि खंगत गेलेला देह डोळ्यांपुढे येतो. दुसऱ्याने मानेवर ओळीने उठलेल्या गाठी. पाठीवर वाढत जाणारे कुबड ही तर तिसरीच गोष्ट. ते पुष्कळदा नशिबाचा भोग मानले जाई. डोळ्यांना ही दुखणी वेगवेगळी दिसत होती, म्हणून भाषेने त्यांना वेगवेगळी नावे दिली. या तिन्हींच्या मुळाशी एकच जंतू असू शकतो, हे सिद्ध व्हायला १८८२ साल उजाडावे लागले. मात्र नावांनी केलेली वाटणी आपल्या मनातून अजून गेलेली नाही. 'खोकला नाही, मग टीबी कसा असेल?' हा प्रश्न शिकल्यासवरल्या घरांतही विचारला जातो, आणि त्यात जाणारे महिने रुग्णाला महागात पडतात.

आपल्या परंपरेत क्षयाचा संबंध थेट चंद्राशी जोडलेला आहे. सत्तावीस पत्नींपैकी एकट्या रोहिणीवर जीव लावल्याबद्दल दक्षाने चंद्राला शाप दिला आणि तो झिजू लागला, ही कथा 'राजयक्ष्मा' या नावाशी निगडित आहे. युरोपात मानेच्या गाठींवर राजाचा हस्तस्पर्श हा उपाय समजला जाई. कोशकार सॅम्युएल जॉन्सन याला लहानपणी, १७१२ साली, अ‍ॅन राणीच्या स्पर्शासाठी नेले होते. गाठी काही त्याने बऱ्या झाल्या नाहीत. मानेवरचे व्रण जन्मभर राहिले. लंडनचा शल्यविशारद पर्सिव्हल पॉट याने १७७९ साली कुबड आणि पायांचा लुळेपणा यांचा संबंध नोंदवला. फ्रान्समध्ये रने लेनेक याने शवविच्छेदनांच्या आधारे वेगवेगळ्या अवयवांतल्या या गाठी एकाच रोगाच्या आहेत असे मांडले. हा लेनेक १८२६ साली क्षयानेच गेला. अखेर २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. त्याने केवळ फुप्फुसे तपासली नव्हती. मेंदू, आतडी, गंडमाळेच्या गाठी, सुजलेले सांधे यांतही त्याला तीच काडीसारखी सूक्ष्म आकृती सापडली होती.

हा जंतू इतक्या ठिकाणी पोचतो कसा? रुग्ण खोकतो, बोलतो तेव्हा उडालेले अतिसूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत जातात. तिथे आपल्या रक्षक पेशी जंतूला गिळतात. एरवी गिळलेला जंतू पेशीच्या पोटात पचून जातो. हा मात्र ती पचनक्रियाच अडवतो आणि मेणचट कवचाच्या आधाराने आतच राहतो. आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू अनुकूल स्थितीत साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात. घाई नसणे हेच त्याचे बळ आहे. सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्यातले थोडे जंतू लसिकाग्रंथींत आणि रक्तावाटे शरीरभर पसरतात. मग शरीर त्यांच्याभोवती पेशींची तटबंदी उभारते आणि बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट तिथेच थांबते. संसर्ग झालेल्यांपैकी पाच ते दहा टक्के लोकच आयुष्यात केव्हातरी आजारी पडतात. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखूचा धूर किंवा वार्धक्य यांमुळे ही तटबंदी ढासळते. ती नेमकी कुठे ढासळेल, त्यावर रोगाचा पत्ता ठरतो.

फुप्फुसाच्या वरच्या भागात प्राणवायू भरपूर, म्हणून तिथे हा जंतू फोफावतो. मानेच्या ग्रंथींत तो शिरला की गाठी येतात. त्या सहसा दुखत नाहीत, म्हणून दुर्लक्षिल्या जातात. मणक्यात तो चकतीलगतचे हाड पुढच्या बाजूने पोखरतो, मणका पुढे खचतो आणि पाठीला पोक येते. तिथला पू स्नायूच्या आवरणातून खाली उतरून थेट जांघेत फुगवटा होऊन दिसू शकतो. त्याला ना उष्णता, ना फारशी लाली. म्हणून डॉक्टर त्याला 'थंड गळू' म्हणतात. लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते, तिथे हा रोग पोटदुखी आणि अडथळा निर्माण करतो. मूत्रपिंडात तो असेल तर लघवीत पू दिसतो, पण नेहमीच्या तपासणीत एकही जंतू वाढत नाही. मेंदूच्या आवरणात पोचला तर डोकेदुखी, उलट्या, गुंगी. आणि उपचार न मिळाल्यास मृत्यू जवळपास अटळ. बीसीजी लस लहान मुलांना वाचवते ती मुख्यतः या मेंदूच्या क्षयापासून आणि शरीरभर पसरणाऱ्या क्षयापासून. मोठ्यांच्या फुप्फुसांना तिचा भरवसा फार कमी.

सर्वांत मूक पत्ता स्त्रीच्या गर्भनलिकांचा. तिथे ना खोकला, ना गाठ. कित्येकदा तापही नाही. नलिका आतून चिकटतात, आणि वर्षानुवर्षे मूल होत नाही. भारतात वंध्यत्वामागे जी कारणे शोधली पाहिजेत त्यांत हे एक आहे. रोग जंतूचा असतो. बोल मात्र सुनेला लावला जातो.

भारतात नोंद होणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा फुप्फुसाबाहेरच्या क्षयाचा असतो. बेडक्याची तपासणी इथे पुष्कळदा काहीच सांगत नाही. गाठीत सुई घालून, पाठीचे पाणी काढून किंवा अवयवाचा लहानसा तुकडा घेऊन शोध घ्यावा लागतो, आणि त्याआधी कोणाच्या तरी मनात क्षयाची शंका यावी लागते. हे निदान अवघड असले तरी त्यात एक दिलासाही आहे. ज्याच्या फुप्फुसात किंवा स्वरयंत्रात रोग नाही, त्याच्यापासून तो सहसा इतरांना होत नाही. मणक्याच्या क्षयाच्या रुग्णाचे ताट-पेला वेगळा काढण्याला कसलाच आधार नाही. फुप्फुसाच्या क्षयातही संसर्ग भांड्यांतून नव्हे, हवेतून होतो.

डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. जंतू सापडून तेव्हा पाच वर्षे होत आली होती. स्ट्रेप्टोमायसिन मिळायला १९४३ साल यायचे होते. आज फुप्फुसाचा, ग्रंथींचा क्षय सहसा सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो. मेंदूच्या आणि मणक्याच्या क्षयाला त्याहून अधिक काळ लागतो. उपचार चालू असताना गाठ काही दिवस वाढलेली दिसू शकते. मेलेल्या जंतूंवर शरीर उठवत असलेला तो प्रतिकार असू शकतो; अशा वेळी औषध मनाने न थांबवता डॉक्टरांना दाखवावे. जंतू दाबला गेला की बरे वाटू लागते, पण संथ वाढणारे उरलेले जंतू मारायला बाकीचे महिने लागतातच. गोळ्या मध्येच सोडल्या तर तेच पुन्हा डोके वर काढतात, आणि त्यांतले काही औषधांना दाद देईनासे झालेले असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला आणि साडेबारा लाख दगावले. रुग्णांपैकी सुमारे २६ टक्के भारतातले. दोन आठवड्यांचा खोकला म्हणजे तपासणी, एवढे आता भिंतींवरच्या फलकांनी आपल्याला शिकवले आहे. न दुखणारी मानेची गाठ, रात्री झोपू न देणारी पाठदुखी, मुलाची दिवसेंदिवस न थांबणारी डोकेदुखी आणि कारण न सापडलेले वंध्यत्व यांच्या बाबतीतही डॉक्टरांना एकदा 'हा टीबी असू शकेल का?' असे विचारायला हवे.