पंपाचे सील जळते का? वंगणाचा साधा हिशेब

सायझिंग किंवा डाईंगच्या कारखान्यात पंपाचे मेकॅनिकल सील गळू लागले की मालक 'माल डुप्लिकेट निघाला' म्हणून दुकानदाराशी वाद घालतो. मेकॅनिक नवे सील बसवून मोकळा होतो आणि महिन्याभरात पुन्हा तीच गळती! अशा वेळी दोष बहुधा मालाचा नसतो. सीलला वंगण मिळालेले नसते.

मेकॅनिकल सीलमध्ये दोन गुळगुळीत चकत्या असतात. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी स्थिर असते. सहसा एक कार्बनची व दुसरी सिरॅमिक किंवा सिलिकॉन कार्बाइडची असते. स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबून धरते. दोहोंमधील फट जेमतेम एक मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. या फटीत पंपातीलच द्रवाचा पातळ थर शिरतो आणि तोच वंगणाचे काम करतो. वेगळे तेल घालावे लागत नाही. पण द्रव नसेल तर चकत्या कोरड्या घासून काही क्षणांतच तापतात.

म्हणून पुढील गोष्टी सांभाळाव्यात :

१) पंप पाण्याने भरून, हवा काढूनच सुरू करावा. सक्शनचा व्हॉल्व्ह बंद ठेवून कधीही चालवू नये.

२) पाणी उकळीच्या जवळ असेल तर घर्षणाच्या उष्णतेने फटीतच वाफ होते व वंगण संपते. तेथे सीलला थंड पाण्याची सोय हवी.

३) खळ सीलमध्ये वाळली की चकत्या चिकटतात व सुरू करताना तुटतात. पंप थांबवण्यापूर्वी त्यातून गरम पाणी फिरवावे.

४) सील बसवताना चकत्यांना बोट लावू नये. ईपीडीएम रबराच्या ओ-रिंगला तेल किंवा ग्रीस लावू नये, ती फुगते. तेथे साबणाचे पाणी चालते.

जुने सील फेकण्यापूर्वी नीट पाहावे. चकतीवर मध्याकडून कडेकडे गेलेल्या बारीक भेगा असतील तर ती कोरडी चालून तापली आहे. गोल खोल चरे असतील तर द्रवात कचरा आहे. रबर फुगले असेल तर रबराची निवड चुकली.

गळतीचे गरम पाणी कामगाराच्या अंगावर उडते, ओल्या फरशीवर पाय घसरतो. नुकसान केवळ पैशांचे नसते. इस्राफ टाळणे ही आपली शिकवण. कारखान्यात तिची सुरुवात पंपापासूनही होऊ शकते.