कापसाच्या तंतूवरील कलम

रायवळ आंब्याच्या रोपावर हापुसाची काडी बांधली म्हणजे मुळें तींच राहतात, पण फळ पालटतें. रसायनशास्त्रज्ञ कापसावर नेमकें हेंच करतात.

सरकी काढलेला कापूस म्हणजे बहुतेक सारें सेल्युलोज. फ्रेंच रसायनज्ञ आन्सेल्म पायेन यांनीं १८३८ सालीं हा पदार्थ प्रथम ओळखला. ग्लुकोजचे हजारों मणी ओवलेली ही जणूं माळच होय. मिनो व कैझरमन यांनीं १९५८ सालीं सेरियमच्या क्षाराची युक्ति प्रसिद्ध केली. हा क्षार माळेवर एखादी क्रियाशील जागा निर्माण करतो. तेथें दुसऱ्या पदार्थाचे लहान रेणू एकामागून एक जडत जाऊन नवी फांदी वाढते. अशी फांदी अॅक्रिलिक आम्लाची असली तर तंतु अधिक पाणी धरतो; स्टायरीनची असली तर पाण्यास दूर सारतो.

मग नुसता लेप कां देऊं नये? लेप धुण्यानें उतरूं शकतो. कलम रासायनिक बंधानें जडलेलें असतें. मात्र कांहीं रेणू माळेला न जडतां आपसांतच जुळतात. म्हणून त्यांना विरघळविणाऱ्या द्रवानें तंतु धुऊन, वाळवून मग तोलतात. त्यानंतर जी वजनवाढ उरते, तीच खऱ्या कलमाची.

तथापि हव्यासानें फार फांद्या लादल्या, तर मूळ तंतूचा बळकटपणाच घटतो. नव्या गुणासाठीं जुना गुण किती खर्चावा, हें ठरविण्यांतच कलम करणाराचें खरें कौशल्य आहे.