व्हॉल्व्हमधली दोरी आणि नळाचे पहिले पाणी

पावसाळ्यात जुलाब आणि काविळीचे रुग्ण वाढले की पहिला संशय फुटक्या पाइपवर जातो. रस्त्याकडेच्या चेंबरमधला व्हॉल्व्ह सहसा कुणाला आठवत नाही.

उमरखेडसारख्या शहरात नळाला ठरावीक वेळीच पाणी येते. त्यासाठी कर्मचारी व्हॉल्व्हचा दांडा फिरवतो. दांडा फिरायचा तर भोवती थोडी फट हवी, आणि फट ठेवली तर पाणी बाहेर येणार. म्हणून दांड्याभोवतीच्या खाचेत वंगण मुरवलेल्या दोरीच्या कड्या बसवतात. हे ग्लँड पॅकिंग. वरचे नट आवळले की दोरी दबते, बाजूंना फुगते आणि दांड्याला बिलगते. दोरी सलग गुंडाळली तर पाण्याला गोल जिन्यासारखी वाट मिळते. त्यामुळे सुट्या कड्या कापून, एकीचा जोड दुसरीच्या जोडावर येणार नाही अशा बसवायच्या. घाईत नेमके हेच राहते. नट अती आवळले तरी दोरी कोरडी होते, दांड्यावर ओरखडे पडतात आणि गळती वाढते.

पूर्वी चरबीत भिजवलेली ताग-सुताची दोरी वापरत, पुढे ॲस्बेस्टॉसची आली. त्याचे तंतू श्वासातून गेल्यास फुफ्फुसांचा कर्करोग होऊ शकतो. आता ग्रॅफाइट किंवा टेफ्लॉन वापरतात. पण जुन्या व्हॉल्व्हमधले पॅकिंग कोरडे खरवडून फुंकर मारणे आजही धोक्याचे.

तालुक्यातल्या पोफाळीच्या साखर कारखान्यासारख्या ठिकाणी वाफेचा व्हॉल्व्ह गळू लागला तर फुसफुस ऐकू येते, हात भाजतो; दुर्लक्ष करताच येत नाही. शिवाय आत दाब असल्याने गळती बाहेरच जाते. नळाच्या पाण्याचे तसे नाही. पाणी सुटते तेव्हा थेंब थेंब गळून चेंबर भरते, त्यात गटाराचे पाणी मिसळते. पुरवठा बंद झाला आणि वाहिनीतले पाणी उताराकडे निघून गेले की आत ओढ निर्माण होते. चेंबरमधले घाण पाणी मग त्याच फटीतून वाहिनीत शिरते आणि पुढच्या पाळीला आपल्या हंड्यात येते. शुद्धीकरण केंद्रात घातलेले क्लोरीन अशा घाणीपुढे अपुरे पडू शकते.

तेव्हा नळाचे पहिले पाणी झाडांना घालावे, पिण्याचे नंतर भरावे. पावसाळ्यात तेही उकळून. घराजवळच्या चेंबरमध्ये पाणी तुंबलेले दिसले, तर पाइप फुटलेला नसला तरी नगरपरिषदेला कळवावे.