टीबी बरा झाला, पण काम?

बुलढाणा जिल्ह्यात शेतात किंवा खामगाव-मलकापूरच्या जिनिंगमध्ये रोजाने राबणाऱ्याला क्षयरोग झाला, की सहा महिन्यांच्या उपचारात हातचे कामही जाते. खरे तर औषधे लागू पडली, की साधारण दोन-तीन आठवड्यांत संसर्गाचा धोका फारसा उरत नाही. तरी बरा झालेल्यालाही मुकादम बोलावत नाही.

दुसरी अडचण शरीराची. जंतू मेले तरी काहींच्या फुप्फुसांत व्रण राहतात. ओझे उचलताना, कापसाच्या धुळीत धाप लागते. म्हणून सुरुवात हलक्या, धूळ नसलेल्या कामाने आणि कमी तासांनी करावी. रोज चालावे. उपचार संपताच सरकारी दवाखान्यातून कामास योग्य असल्याचा दाखला मागून घ्यावा. धाप वाढली, वजन घटले किंवा खोकला परतला, तर लगेच तपासून घ्यावे.

ईएसआय विमा असलेल्या कामगाराला क्षयरोगात, अटी पूर्ण होत असल्यास, दोन वर्षांपर्यंत ८० टक्के वेतन मिळू शकते. रोजंदारीवाल्याला निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये मिळतात, तेही उपचार सुरू असेपर्यंतच. गोळ्या संपल्या, की मदत थांबते आणि अंगात अजून पूर्ण ताकद नसते. नेमके तेव्हाच मालकाने दिलेले हलके काम त्या घराला सावरते.